कोण भरती आहे?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, वाचकांना निरोगी राहण्याच्या दहा टिप्स द्या." मी म्हटलं, माझ्याकडे एकही नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे. माझ्या स्वभावात विनय कधी नव्हता आणि यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात सगळी हयात आहारतज्ज्ञ म्हणून काढल्यावर तर तो उरणं शक्यच नव्हतं. ज्या माणसाला लोकांनी जन्मभर मान डोलावून "हो" म्हटलं आणि घरी जाऊन अगदी उलटं केलं, त्याचा स्वभाव जसा होतो तसा माझा झाला आहे. तरी लिहिते आहे, कारण संपादक चिवट आहेत आणि निवृत्त बाईला वेळ असतो असा सगळ्यांचा समज आहे.

माझं काम बाहेरून फार सोपं दिसायचं. डॉक्टर रोग्याला तपासणार, गोळ्या लिहिणार आणि शेवटी "त्या पालकवाल्या मॅडमना भेटून जा" असं सांगणार. पालकवाल्या मॅडम म्हणजे मी. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, दोन स्टूल आणि भिंतीवर फळं-भाज्यांचं एक पोस्टर. त्या पोस्टरवर स्ट्रॉबेरी होती, किवी होतं, हिरव्या फुलकोबीसारखं काहीतरी होतं. ते छापणाऱ्याने आमच्या जिल्ह्यात कधी पाय ठेवला नसावा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा कुठे जातो आणि त्या उन्हात किवी कसं दिसेल याचा विचार त्याने केलेला नव्हता. मी ते काढून टाका म्हणून अनेकदा सांगितलं. भिंतीला ओल होती आणि पोस्टरखाली ती झाकली जायची, म्हणून ते राहिलं.

रोगी समोर बसला की मी एकच विचारायची, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते सांगा. यावर आमच्या भागातलं ठरलेलं उत्तर आहे, "साधंच." या एका शब्दाने मला जेवढं छळलं तेवढं माझ्या सासूनेही छळलं नाही. साधंच म्हणजे काय, हे खणून काढायचं, यालाच माझा व्यवसाय म्हणतात. शिकलेले लोक याबाबतीत अधिक वाईट. एक निवृत्त गुरुजी रोज पहाटे दुधीभोपळ्याचा रस प्यायचे आणि रस सुरू केल्यापासून बीपीची गोळी बंद केली हे छाती फुगवून सांगायचे. मोबाईलवर कोणीतरी पाठवलं होतं. मी म्हटलं, गुरुजी, भोपळा भाजी म्हणून खा, गोळी गोळी म्हणून घ्या, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. ते मला म्हणाले की मी औषध कंपन्यांची माणूस आहे. मग पुन्हा आले नाहीत.

आता शास्त्र काय सांगतं ते एकदाच सांगते, म्हणजे संपादकांचंही समाधान होईल. जे लोक वर्षानुवर्षं रोज भाज्या आणि फळं भरपूर खातात त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, लकवा कमी दिसतो, काही प्रकारचे कॅन्सरही कमी दिसतात. कमी म्हणजे कमी, शून्य नाही. रोज पेरू खाणाराही मरतो. पण त्यातला चोथा, त्यातलं पोटॅशियम, आणि ताटात भाजी जास्त असल्यामुळे आपोआप कमी होणारं तेल-मीठ, हे सगळं मिळून वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांची काळजी घेत असतं. हे रोग होण्याआधी करायचं काम आहे. शेतीतल्या माणसाला हे समजायला हवं, कारण पीक वाळल्यावर पाणी देऊन काय होतं हे त्याला मी सांगायची गरज नाही. पण नेमकं तेच समजत नाही, आणि का समजत नाही हे मला प्रल्हादभाऊंनी शिकवलं.

प्रल्हादभाऊ कळंब रस्त्यावरच्या एका गावचे. थोडी शेती आणि गावात पिठाची गिरणी. पन्नाशीच्या पुढचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा माणूस. एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं आणि बोलणं लुळं पडलं. दुपारपर्यंत सगळं पुन्हा जागेवर आलं. घरच्यांना वाटलं, वारं लागलं. त्यांची बायको सुमनताई मात्र हट्टाने दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं की हा लकव्याचा इशारा आहे, पुढचा येईल तो परत जाणार नाही. बीपी खूप, साखर वाढलेली. गोळ्या लिहून दिल्या, त्या चुकवायच्या नाहीत म्हणून बजावलं आणि जिन्याखाली पाठवलं.

मी विचारलं, भाजी खाता का रोज? प्रल्हादभाऊंना प्रश्नच अपमानाचा वाटला. "दोन टाईम खातो मॅडम. भाजीबिगर घास नाई उतरत माह्या."

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थांबायला हवं. दवाखान्यात पाहणी करायला वरून माणसं यायची. त्यांच्या कागदावर "आपण रोज भाजी खाता का" असा प्रश्न असायचा. आमची जनता एकमुखाने हो म्हणायची आणि ही माणसं आमचा जिल्हा आहाराच्या बाबतीत किती जागरूक आहे असं समजून आनंदाने परत जायची. वऱ्हाडात पोळीसोबत जे काही ताटात पडतं ते भाजी. त्यात हिरवं काही असलंच पाहिजे अशी कोणाची सक्ती नाही. मी प्रल्हादभाऊंना एकेक वार विचारला तेव्हा निघालं ते असं: बेसन म्हणजे तुमचं पिठलं, मुंगवड्या, आलू, पाटोडीचा रस्सा, शेवभाजी, पुन्हा बेसन. एका दिवशी वांगं होतं, पण त्यावर तर्रीचं तेल इतकं की वांग्याला पोहता आलं असतं.

मी म्हटलं, भाऊ, बेसन भाजी नाही. ते सुमनताईंकडे वळले, जणू काही मी त्यांच्या सासरच्यांबद्दल काही बोलले. "बेसन भाजी नोय, त काय होय?"

सुमनताई मात्र हुशार. त्यांनी सांगितलं की पूर्वी पावसाळ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तरोटा उगवायचा, चिवळ मिळायची, सासूबाई पदरात खुडून आणायच्या. आता धुऱ्यावर तणनाशक मारतात, तिथे काही उगवत नाही. आणि उगवलं तरी तरोटा आता कोण शिजवतो, पाहुणे आले तर काय म्हणतील. फुकट मिळायचं तेव्हा ते गरिबाचं खाणं झालं, आणि आता शहरातले लोक तेच रानभाजी महोत्सवात फोटो काढत खातात. त्या महोत्सवाचं उद्घाटन करणाऱ्यांच्या ताटात मी पाहिलं आहे. रानभाजी कोपऱ्यात चवीपुरती असते आणि बाकी ताट गुलाबजामुनाचं.

भाजीचं त्या बाईने मनावर घेतलं. अंबाडी, मेथी, पालक, गवार, दोडका, तेल मोजून, मीठ बेताचं. फळांचं मात्र अडलं. मी म्हटलं, मी तुम्हाला किवी सांगत नाही, पेरू खा, पपई खा, संत्रं खा, हिवाळ्यात बोरं खा. साखर आहे म्हणून बेताने, पण खा. प्रल्हादभाऊंनी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "फळाची पिशवी हातात दिसली का गाव विचारते, कोन भरती हाय? मी काय सांगू?"

हसू नका. हे अगदी खरं आहे. आमच्याकडे फळ हे आजाऱ्याचं खाणं आहे. दवाखान्याच्या दारात फळांच्या गाड्या लागतात त्या काही उगीच नाही. धडधाकट माणसाने सफरचंदं घेतली तर गाडीवाला विचारतो, कोणत्या वॉर्डात? भेटायला येणारे पिशवी आणतात, उशाशी ठेवतात, रोगी त्याकडे बघत पडून राहतो आणि संध्याकाळी नातवंडं ती फस्त करतात. ज्या घरात रोज फळं येतात त्या घरात कोणीतरी जायला टेकलं आहे असं गाव समजतं. त्यामुळे निरोगी राहायचं असेल तर फळ खाऊ नये असा एक आरोग्यविषयक सिद्धांत आमच्या जिल्ह्यात तयार झाला आहे आणि तो पाळण्यात कोणी कुचराई करत नाही.

प्रल्हादभाऊंना भीती निव्वळ गावाच्या जिभेची नव्हती. त्यांच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे बाभुळगावचे, चांगले लोक, मुलगा शिकलेला. सुमनताईंनी स्टूल पुढे ओढून सांगितलं की बापाला लकव्याचा झटका येऊन गेला हे कळलं तर ते लोक मागे फिरतील. आजार बापाला झाला तर उद्या पोरीला होईल, असं म्हणतील. आणि तसे शब्द याआधी एका ठिकाणाहून आलेही होते. तेव्हा लग्न होईपर्यंत प्रल्हादभाऊ एकदम ठणठणीत दिसायला हवे होते.

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. शेवटी मी म्हटलं, मग चोरून खा. लोक काय काय चोरून करतात, तुम्ही पेरू खा.

आणि त्यांनी खाल्ले. सुमनताई आठवडी बाजारातून पपई आणायच्या ती गव्हाच्या पिशवीत, वर गहू पसरून, म्हणजे दळण वाटावं. गोळ्या सुपारीच्या डबीत. दुपारी गिरणी बंद असली की प्रल्हादभाऊ शटर अर्धं खाली ओढायचे आणि आत बसून पपई खायचे. अर्ध्या शटरमागे आमच्याकडे बाटली असते हे सगळ्यांना माहीत आहे. हा बहुधा सबंध तालुक्यातला पहिला माणूस, जो तिथे पपई खात होता. पुढच्या तपासणीला बीपी बरंच खाली आलं होतं, वजनही उतरलं होतं. ते आकडे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेत पहिले आले. मला खूप बरं वाटलं. माझ्या नोकरीत असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

मग ठरलेल्या लग्नाचे व्याही, दिगांबरराव, एका दुपारी न सांगता गिरणीवर आले. शटर अर्धं. त्यांनी वाकून आत पाहिलं, तर होणारे व्याही जमिनीवर बसून पपई खाताहेत, शेजारी सुपारीची डबी उघडी. बाटली दिसली असती तर त्यांना काही वाटलं नसतं, कदाचित तेही बसले असते. पपई पाहून मात्र त्यांचा चेहरा बदलला. तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. प्रल्हादभाऊंनी हसून सांगितलं की कोणी पाहुण्यांनी आणून दिली, फेकायची कशी, म्हणून खातो आहे. डबीवर हात ठेवला. त्या दुपारपासून त्यांनी फळ बंद केलं.

पुढचं मला सुमनताईंनी सांगितलं. मुलाकडचे येतात, यांच्याकडचे जातात, साडी, बस्ता, याद्या, प्रत्येक वेळी जेवण. आणि प्रत्येक जेवणात प्रल्हादभाऊ वाटीभर तर्री मागून घेतात, गोड दुसऱ्यांदा घेतात, म्हणजे समोरच्यांना माणूस मजबूत वाटावा. डबी खिशात ठेवायची तर कोणी पाहील, म्हणून गोळ्या घरी राहू लागल्या आणि मग घरीही राहिल्या. त्या बाई एकट्या यवतमाळला आल्या होत्या, बाजाराचं निमित्त करून. "मॅडम, हे गोळीबी घेऊन नाई राह्यले. तुमी बोला एकडाव."

मी फोन केला. चांगलं झापलं. तुम्हाला पोरीच्या लग्नात उभं राहायचं आहे की खाटेवर पडायचं आहे, असंही बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लगन होऊ द्या मॅडम. मंग तुमचा पालक गाडीभर खातो."

डॉक्टरांनीही फोन केला. त्यांना प्रल्हादभाऊ म्हणाले, गोळ्या चालू आहेत.

लग्नाला मला बोलावणं आलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेले. मांडवात प्रल्हादभाऊंनी माझी ओळख बँकेतल्या मॅडम म्हणून करून दिली, कारण दवाखान्यातली बाई म्हटलं असतं तर लोकांनी लगेच विचारलं असतं, दवाखान्यात कोणासाठी गेलता? जेवणाच्या टेबलांच्या मधोमध कलिंगड कोरून हंस केलेला, गाजराची फुलं, काकडीची नाव, मुळ्याचे गुलाब. एवढी फळंभाजी मी आमच्या जिल्ह्यात एका जागी पाहिली नव्हती आणि त्यातला एक तुकडा कोणी उचलला नाही. ते बघण्यासाठी होतं. खाण्यासाठी बाजूला तर्रीचं पातेलं होतं. तिथे प्रल्हादभाऊ आणि दिगांबरराव शेजारी शेजारी बसून जेवत होते, एकमेकांना आग्रह करत होते, दोघांचे चेहरे लालबुंद. फोटोवाला म्हणाला, काका, एकमेकांना जिलबी भरवा. त्यांनी भरवली. तो फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

पोरगी सासरी गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रल्हादभाऊ आमच्या दवाखान्यात आले. या वेळी पाणी तोंडातून गळून थांबलं नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिळताही येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. पपई बंद केली म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला मी दुधीवाले गुरुजी नाही. गोळ्या थांबल्या, मीठ-तेल वाढलं, दगदग वाढली, आणि जी एक चांगली सवय अर्ध्या शटरमागे लागत होती ती सुटली. सगळं मिळून झालं. थांबवता आलं असतं का? निदान लांबवता आलं असतं, एवढं मी नक्की सांगते, आणि मला त्याचं वाईट वाटतं. रागही येतो.

आणि मग आली फळं. सगळं गाव आलं. प्रत्येकाच्या हातात पिशवी. सफरचंदं, संत्री, मोसंबी, डाळिंबं, आणि एक शहाणा तर ते पोस्टरवरचं किवीही घेऊन आला. उशाशी जागा उरली नाही म्हणून खाटेखाली लावून ठेवली. ज्या माणसाला वर्षभर उघड्यावर एक पेरू खाता आला नाही, त्याच्याभोवती आता पाटीभर फळं, आणि त्याला थेंबभर पाणी गिळता येत नव्हतं. सिस्टर ओरडत होत्या की इथे मुंग्या होतील.

सगळ्यात मोठी पिशवी दिगांबररावांची होती. ती हातात घेऊन ते खाटेशी उभे राहिले, रडले. मग पिशवीसकट बाहेर येऊन माझ्या खोलीत बसले. मला वाटलं, आता विचारतील की आम्हाला का सांगितलं नाही. त्यांनी खिशातून स्वतःची गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तीच गोळी. बीपी आणि साखर, बऱ्याच वर्षांपासून. लग्न जमेपर्यंत यांनीही लपवलं होतं, कारण मुलीकडच्यांना कळलं असतं तर पोरगी दिली नसती. त्या दिवशी पपई पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांनी ते खाणं आपल्याही पथ्यातलं म्हणून ओळखलं होतं. म्हणजे दोन आजारी माणसं सगळा हंगाम एकमेकांसमोर बसून वाट्या रिकाम्या करत होती, समोरच्याला आपण निरोगी वाटावं म्हणून.

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, ही पिशवी उचला, घरी न्या आणि स्वतः खा, रोज एक. इथे तिचा काही उपयोग नाही.

दिगांबररावांनी पिशवी टेबलाखाली सरकवली. "घरी नेली त लोकं विचारतीन, कोन भरती हाय."

ते पिशवी तिथेच ठेवून गेले. संध्याकाळी मी ती उचलून घरी निघाले. ऑटोवाल्याने आरशातून पिशवीकडे पाहिलं आणि विचारलंच, मॅडम, कोण भरती आहे? मी म्हटलं, कोणी नाही, माझ्यासाठी नेते आहे. त्याने ऑटो हळू केला, मागे वळून पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "काय झालं तुमाले?"

प्रल्हादभाऊ वाचले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या गावी जाऊन आले. गिरणी आता दुसऱ्या कोणाकडे दिली आहे. ते घरासमोरच्या ओट्यावर खुर्चीत बसलेले असतात. गिळायला यायला लागलं आहे, बोलणं आलेलं नाही. सुमनताई पपई कुस्करून ताटलीत आणतात आणि चमच्याने भरवतात, भर दुपारी, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसेल अशी. आता लपवायचं काही राहिलेलं नाही. मी शेजारी बसून पाहत होते. तेवढ्यात रस्त्याने कोणीतरी सायकलवरून गेलं आणि प्रल्हादभाऊंचा चालता असलेला डावा हात उचलला गेला, ताटलीवर येऊन ती झाकून बसला, आणि सायकल वळणाआड जाईपर्यंत तिथेच राहिला.